सेल नसलेले रिमोट

"हे मुलांच्या हातात द्यायचं नाही, मॅडम," असं म्हणत चौबळ सरांनी माझ्याकडून सोल्डरिंग गन काढून घेतली, तिची वायर गुंडाळली आणि बॅगेत टाकली. शिबिराचा पहिला दिवस होता. समोर सतरंजीवर वीस-बावीस पोरं बसलेली आणि त्यांच्या डोक्यावर भला थोरला फ्लेक्स: 'यंत्रांकुर उन्हाळी तंत्रज्ञान शिबिर. मुले स्वतःच्या हातांनी रोबोट बनवतात.' मी विचारलं, मग मुलांनी हातांनी करायचं तरी काय? सर म्हणाले, स्टिकर लावतील.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा बार्शीत एका पॉलिटेक्निकला तासांवर शिकवत होते आणि तासांवर शिकवणाऱ्याला उन्हाळ्यात तास नसतात. म्हणून हे शिबिराचं काम धरलं. पराग चौबळ पुण्याहून यायचे. एप्रिलच्या उन्हात, जिथं माणसं बनियनवर बसतात, तिथं हा गृहस्थ निळं ब्लेझर घालून यायचा आणि घाम पुसत पुसत पोरांना सांगायचा की उद्याचं जग तुमच्या बोटांच्या टोकावर आहे. उद्याच्या जगाचं माहीत नाही, पण त्या पोरांच्या बोटांच्या टोकांवर तेव्हा फक्त स्टिकरचा डिंक होता. गाड्या तयारच आलेल्या होत्या. बाजारात मिळतात तसल्या स्वस्तातल्या चिनी रिमोटच्या गाड्या. सरांनी त्यांची वरची टोपणं काढून टाकली होती, म्हणजे आतल्या तारा दिसतात आणि आयांना वाटतं की वा, काय विज्ञान आहे. मुलांनी चार चाकं खटकन बसवायची, 'यंत्रांकुर'चा स्टिकर लावायचा, झाला रोबोट. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

शिबिर भरायचं एका मंगल कार्यालयात. लग्नाची तिथी आली की आम्हाला सुट्टी. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या कायम ठेवलेल्या असत आणि चौबळ सर त्यातल्या नवरदेवाच्या खुर्चीत बसून व्याख्यान द्यायचे. त्यांना ते शोभतही होतं. नवरदेवालाही त्या दिवशी स्वतः काहीच करावं लागत नाही.

पालकांबद्दल तर बोलायलाच नको. एकानंही कधी विचारलं नाही की पोरगं काय शिकलं. विचारायचे ते एवढंच, की सर्टिफिकेट इंग्रजीत असतं ना, आणि फोटो कधी मिळतील. या सगळ्यांत पुढं असायचे मल्लिनाथ शेटे. बाजारात त्यांचं इलेक्ट्रिकलचं दुकान, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही, आणि गावात चांगलं नाव. त्यांनी आपल्या रेवणला शिबिरात घातलं होतं. रेवण नऊ वर्षांचा, गोड पोरगा, पण त्याला गाडीपेक्षा मधल्या सुट्टीतलं सरबत जास्त आवडायचं. शेट्यांनी पहिल्याच दिवशी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की माझं पोरगं जरा अवखळ आहे, तेव्हा त्याच्या बहिणीला सोबत पाठवतो. डबा तीच धरेल, बाथरूमला तीच नेईल, तुम्हाला तोशीस नाही. सर म्हणाले, बसू दे मागं, फक्त कशाला हात लावायचा नाही.

ही बहीण म्हणजे शिवलीला. सातवी झालेली, जूनमध्ये आठवीत जाणारी. भावाचा डबा मांडीवर घेऊन ती शेवटच्या खांबाला टेकून बसायची आणि हात कशाला लावायची नाही, पण डोळे सगळ्याला लावायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यात बघितलं तर डबा रिकामा. पोरांनी मोडलेल्या मोटरी, तुटलेल्या वायरी, चेंबलेली चाकं, काहीच नाही. खांबाजवळ गेले. शिवलीलानं ओढणीखाली काहीतरी झाकलं. मी म्हटलं, दाखव, ओरडत नाही. तिनं ओढणी बाजूला केली. एका लाकडी फळीला दोन मोटरी पक्क्या बांधलेल्या, दोन चाकं मागं, पुढं एक गोटी फिरती बसवलेली. वायरींना सोल्डरिंगचे डाग इतके स्वच्छ दिले होते की माझ्या डिप्लोमाच्या पोरांनी लाजावं. मी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "घरी," आणि ओढणी परत गाडीवर ओढली.

त्यानंतर मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसू लागले. हळूहळू ती बोलती झाली. गावात एकच शाळा होती, जिथं आठवीपासून टेक्निकल विषय मिळायचा. लेथ, वायरिंग, ड्रॉइंग. तिला तिथं जायचं होतं. घरी म्हणत होते, तिथं सगळी पोरंच, तू आपली घराजवळच्या मुलींच्या शाळेत जा, तिथं शिवणकाम आहे. ती बरेच दिवस मागं लागल्यावर बापानं शेवटी सांगितलं होतं की रेवणचं शिबिर होऊ दे, मग बघू. पोरीनं त्या 'बघू'चा अर्थ शब्दशः घेतला होता. शेवटच्या दिवशी पालकांसमोर गाड्या चालवून दाखवायच्या होत्या आणि त्या दिवशी अप्पांना आपली गाडी दाखवायची, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"मॅडम, माझी पण ठेवता येईल का, एका कोपऱ्यात?" तिनं विचारलं.

मी सरांकडे गेले. सरांनी गाडी बघितली. तिला रिमोट नव्हता. लांब वायर होती आणि वायरीच्या टोकाला दारावरच्या बेलची दोन बटणं. डावं दाबलं की एक मोटर, उजवं दाबलं की दुसरी, दोन्ही दाबली की गाडी सरळ. इतकं सोपं आणि इतकं बिनचूक. सरांनी नाक मुरडलं. वायरलेसच्या जमान्यात वायर दाखवायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्यांचं मत पडलं. शिवाय पोरीची फी नाही, नाव नाही. एकीला घेतलं की उद्या सगळ्यांच्या बहिणी येतील म्हणाले. जसं काही बहिणी म्हणजे टोळधाडच.

मी शिबिर तिथंच सोडलं असतं. पण त्या गाडीची अजून एका बाजूची मोटर मंद चालत होती आणि पोरीला ती जुळवून हवी होती. म्हणून राहिले. आम्ही दोघी रोज सुट्टीत तेवढंच करायचो.

शेवटच्या दिवसाच्या आधी तालीम होती. त्या दिवशी शिवलीला आली नव्हती. घरी कुरडया घालायच्या होत्या. रेवणला शेटेच सोडून गेले. सरांनी तोवर रिमोट आपल्या बॅगेतच ठेवले होते, मुलांना चकित करायचं म्हणून. गाड्या त्यांनी एकेक करून तपासल्या होत्या. आता सगळ्यांच्या हातांत एकदम रिमोट दिले आणि म्हणाले, चला, दाबा.

गाड्यांनी जो धिंगाणा घातला तो बघायला हवा होता. एक पुढं पळतेय तोवर थांबतेय, गर्रकन फिरतेय, दुसरीला धडकतेय. कुणाच्याच गाडीला कुणाचंच ऐकू येईना. मी एका पोराचा रिमोट घेऊन दाबला आणि बाकीच्यांना हात वर करायला सांगितलं. वीस-बावीस गाड्या शिस्तीत पुढं सरकल्या. सगळे रिमोट एकाच कोडचे. स्वस्तातला माल घेताना हे बघायचं असतं, हे ज्याला कळत नाही तो गावोगाव पोरांना तंत्रज्ञान शिकवत फिरत होता.

सरांच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. त्यांनी मुलांना सरबताला पिटाळलं आणि एकेका रिमोटमधले सेल काढायला बसले. एक रिमोट भरलेला ठेवला आणि तो माझ्या हातात दिला. उद्या मी पडद्याआड उभं राहून तो चालवायचा. गाड्या एका ओळीत कवायत करतील, मुलं आपापली बटणं दाबतील, पालक टाळ्या वाजवतील. मी म्हटलं, सर, ही फसवणूक आहे.

"मॅडम, लग्नात नवरा-नवरी हार घालतात," ते म्हणाले. "ओवलेला कुणी असतो? माळ्यानं. मग लग्न खोटं होतं का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि बोलून झाल्यावर स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन ते ब्लेझरची बटणं लावत सरबत प्यायला गेले. पोरीची गाडी अजून दाखवायची होती, म्हणून मी थांबले आणि सरबतानंतर तशी तालीमही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. त्याच हॉलमध्ये लगेच पुढच्या सकाळी लग्न होतं, त्यामुळं मांडववाले आधीच झेंडूच्या माळा चढवत होते आणि आमच्या शिबिराला फुकटची शोभा आली होती. प्रमुख पाहुणे म्हणून कुठल्याशा पतसंस्थेचे चेअरमन आले. त्यांना नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं. नवरीच्या खुर्चीत चौबळ सर बसले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेटे पहिल्या रांगेत होते, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला भस्म. शिवलीला मागं खांबाला टेकून. तिची गाडी मी टेबलाखाली कापडात गुंडाळून ठेवली होती. कशी काढायची ते ठरलं नव्हतं, पण काढायची हे ठरलं होतं.

भाषणं झाली. चेअरमननी देशाला महासत्ता केलं आणि पाणी मागितलं. मग मुलं स्टेजवर आली, गाड्या ओळीत लागल्या, सरांनी माईकवर एक-दोन-तीन केलं आणि मी पडद्याआडून बटण दाबलं.

गाड्या पुढं गेल्या. टाळ्या पडल्या. मग मी उजवीकडे वळवायचं बटण दाबलं, तर गाड्या डावीकडे गेल्या. थांबवल्या तर धावल्या. मला वाटलं माझाच रिमोट बिघडला. पडद्याच्या फटीतून बघितलं तर रेवणचं तोंड आनंदानं फुललं होतं. तो दाबेल तसं सगळी फौज हलत होती. पोराच्या ते ध्यानात आलं होतं आणि ध्यानात आल्यावर नऊ वर्षांचं पोर जे करेल तेच त्यानं केलं. सगळ्या गाड्या वळवल्या आणि थेट चेअरमनच्या खुर्चीवर सोडल्या. चेअरमननी पाय वर घेतले. सरांनी नवरीच्या खुर्चीतून उडी मारली. उरलेल्या गाड्या स्टेजवरून पटापट खाली पडल्या, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पायांत.

झालं होतं ते असं. हे मला शिवलीलानं नंतर सांगितलं. तालमीहून रेवण आपला रिमोट खिशात घालून घरी आला आणि भोकाड पसरून बसला, की माझा रिमोट दाबला नाही तरी गाडी चालते आणि दाबला तरी तशीच चालते. बहिणीनं रिमोट उघडला तर आत सेल नाहीत. तिला वाटलं, सर घालायचे विसरले. तिनं दुकानातले दोन सेल काढून घातले. तिला भाऊ सांभाळायला पाठवलं होतं, तिनं सांभाळला.

हॉलमध्ये हशा आणि गोंधळ चाललेला, आणि मल्लिनाथ शेटे मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. बघा, बघा, माझं पोरगं सगळ्यांच्या गाड्या चालवतंय, असं शेजाऱ्याला सांगत होते. आता हे ऐकून इतरांच्या आयांना राग येणारच. एकीनं आपल्या लेकाचा रिमोट हिसकला आणि मागचं झाकण उघडलं. रिकामं. दुसरीनं उघडलं. रिकामं. झाकणं उघडल्याचे खटखट आवाज हॉलभर होऊ लागले. सरांचं पितळ उघडं पडलं, पण माईक अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी शांतपणे जाहीर केलं की ही तांत्रिक चूक मुजावर मॅडमची, म्हणजे माझी, आहे, त्यांना मी वारंवार सूचना दिल्या होत्या.

मी पडद्याबाहेर आले. रिमोट सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. गाड्या कुठून आल्या, मुलांनी त्यांत काय केलं, सेल कुणी काढले, मला पडद्यामागं कुणी उभं केलं. माईक नव्हता, पण वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज तयार आहे. मग म्हटलं, या शिबिरात एकाच मुलीनं स्वतःच्या हातांनी काही बनवलंय, तेही तिची फी नाही, नाव नाही, नुसती कोपऱ्यात बसून. आणि टेबलाखालून गाडी काढून शिवलीलाला हाक मारली.

ती आली. तिनं बटणं हातात घेतली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं गाडी निघाली, सरळ रेषेत, मागं वायर धरून पोरगी. एका आजोबांची चप्पल वाटेत होती, तिला वळसा घालून गेली. दारापर्यंत गेली, अर्धा वळसा घेतला आणि परत येऊन बापाच्या पायाशी थांबली. मग टाळ्या पडल्या त्या मघासारख्या नव्हत्या.

चौबळ सरांना मानलं पाहिजे. निर्लज्ज माणूस सदा सुखी म्हणतात ते उगीच नाही. टाळ्या थांबायच्या आत ते खाली उतरले, शिवलीलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाले की हेच, हेच आमच्या शिबिराचं फलित. पोरीनं खांदा काढून घेतला.

मी शेट्यांना सगळ्यांसमोर विचारलं की आता हिला टेक्निकलला घालणार ना. शेटे गाडीकडे बघत होते. त्यांना अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण दुकानदाराचं डोकं, ते अभिमानालाही तागडीत घालतं.

"मॅडम, तुम्हीच सांगितलंत," ते म्हणाले. "फी नाही, शिकवलं नाही, कोपऱ्यात बसून पोरगी शिकली. मग हिला टेक्निकलची गरज काय? ही घरी बसूनबी शिकतीय. घालायचं तर रेवणला घालावं लागंल, त्याला काय येत नाही."

आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या रांगेतल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, म्हणाले. चेअरमनही म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा ऐकला आहे, पण इतका नीट हिशेब करून केलेला मूर्खपणा क्वचित. ज्याला पोहता येत नाही त्यालाच पाण्यात घालायचं आणि येतं त्याला काठावर कपडे राखायला बसवायचं, हे ज्यांना पटतं त्यांच्याशी काय बोलणार.

शिवलीला बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. तिनं बटणं खाली ठेवली.

"अप्पा, मग उद्यापासून दुकानातले मिक्सर रेवणच दुरुस्त करंल," ती म्हणाली. "मी शिवणकाम शिकती."

शेट्यांचा चेहरा उतरला. आधी कुणाला कळलं नाही. मग बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. बार्शीत मिक्सर बिघडला की शेट्यांकडे टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी घेऊन यायचा, हे ठरलेलं. शेट्यांच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणायचा आणि शेटे हात जोडून म्हणायचे, सिद्धरामेश्वराची कृपा. एक जाडजूड बाई उठल्या, परवाच यांच्याकडून मिक्सर नेलेल्या. त्यांनी सरळ विचारलं, अहो शेटे, माझा मिक्सर कुणी दुरुस्त केला मग? शेजारची म्हणाली, आणि माझा पंखा?

सबंध गावाचं गिऱ्हाईक त्या खुर्च्यांवर बसलं होतं. शेट्यांनी रेवणचा हात धरला, दुसऱ्या हातानं पोरीला खूण केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चल, घरी बोलू."

शिवलीला जागची हलली नाही. "इथंच बोला, अप्पा," ती म्हणाली.

रेवण दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मांडववाला शिडीवर झेंडूची माळ हातात धरून तसाच थांबला होता. शेट्यांनी एकदा मागं वळून सगळ्या रांगांकडे पाहिलं, भस्म लावलेल्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "बरं."

"काय बरं?"

"घालतो टेक्निकलला."

मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. काय म्हणाले, काय म्हणाले, असं चाललं होतं. शिवलीलानं वळून चौबळ सरांच्या हातातून माईक घेतला, त्यांना न विचारता, आणि बापाच्या तोंडासमोर धरला. शेट्यांनी तो माईक बघितला, पोरीला बघितलं, आणि मग सबंध हॉलला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं.